डोमेनचं कूपन पहिल्या वर्षापुरतं, हिशेब पाच वर्षांचा

प्रश्न तासगावच्या एका बेदाणा व्यावसायिकाचा आहे, थोडक्यात असा: "आमचा बेदाणा आता थेट गिऱ्हाइकाला विकायचा आहे. त्यासाठी वेबसाइटला डॉट कॉम आणि डॉट इन अशी दोन्ही नावं, म्हणजे डोमेन, घ्यायची आहेत. नव्व्याण्णव रुपयांत डोमेन अशा जाहिराती रोज दिसतात, पण कूपन कोड टाकला की 'लागू नाही' असं येतं. आमचा वेबसाइटवाला सगळं मिळून वर्षाला पाच हजार सांगतोय. खरा कोड मिळतो कुठे आणि नेमके पैसे किती वाचतात?"

मी सांगलीत विश्रामबागेत वेबसाइटचं आणि ती सर्व्हरवर ठेवण्याचं, म्हणजे होस्टिंगचं, काम करतो. मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस इकडच्या दुकानदारांची, शाळांची, छोट्या कारखान्यांची डोमेन सांभाळणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तेव्हा सरळच सांगतो. कूपननं पैसे वाचतात, पण बहुतेक वेळा पहिल्याच वर्षी. नाव मात्र तुम्ही धंदा करताय तोवर दरवर्षी रिन्यू करावं लागणार आहे. त्यामुळे कोड शोधण्याआधी रिन्युअलचा दर शोधा. तो दर पानावर मोठ्या अक्षरांत नसतो, किमतीखाली बारीक लिहिलेला असतो किंवा वेगळ्या दरपत्रकात असतो. तो सापडला की अर्धं काम झालं.

आधी नव्व्याण्णव रुपयांचं गणित समजून घ्या. डॉट कॉमची सगळी नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी ठेवते. तुम्ही नाव कुणाकडूनही घ्या, त्या रजिस्ट्रारला, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीला, दर नावामागे दर वर्षाला व्हेरिसाइनची ठरलेली रक्कम भरावीच लागते. २०१२ पासून २०२१ पर्यंत ती ७.८५ डॉलरवर थांबलेली होती. त्यानंतर दर सप्टेंबरला एक अशा चार वाढी झाल्या आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती १०.२६ डॉलर झाली. त्यावर आयकॅन या डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या संस्थेचे २० सेंट. डॉलर नव्वद रुपये धरला तर हे साधारण ९४० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटी धरला की ११००च्या वर जातात. म्हणजे ९९ रुपयांत डॉट कॉम देणारा आठशे-साडेआठशे रुपये पदरचे घालतोय. गिऱ्हाईक मिळवायचा तो त्याचा खर्च आहे आणि धंद्यात तसं चालतंच. पण तो पैसा पुढच्या वर्षांत वसूल व्हायचा आहे, तोही तुमच्याकडूनच.

आता आकडे मांडून बघू. समजा, एका ठिकाणी पहिलं वर्ष ९९ आणि नंतर दरवर्षी १,४९९. दुसऱ्या ठिकाणी पहिलं वर्ष ८९९, कूपन नाही, ऑफर नाही, आणि नंतर दरवर्षी १,०९९. पाच वर्षांत पहिल्याकडे ६,०९५ रुपये जातात, दुसऱ्याकडे ५,२९५. जाहिरातीत दिसणारा स्वस्त माल आठशेनं महाग पडला, आणि हा फरक जीएसटी धरण्याआधीचा आहे. बेदाण्याच्या सौद्यात तुम्ही बॉक्सचा वरचा थर बघून बोली लावत नाही, खालपर्यंत हात घालून बघता. इथे पाच वर्षांची बेरीज म्हणजे तेच. मी कुणालाही नाव घेऊन द्यायचं असलं की कागदावर दोन रकाने करतो, पहिल्या वर्षाचा दर आणि रिन्युअलचा दर, आणि जीएसटीसकट बेरीज मारतो. कोणत्या कंपनीचं नाव मोठं आहे हे त्यानंतर बघतो.

काही रजिस्ट्रार तर नफा न ठेवता घाऊक दरातच नाव देतात. क्लाउडफ्लेअर २०१८ पासून असं करते. तिथे कूपनच नसतं, कारण कमी करायला काही शिल्लकच नसतं. अट एवढीच की नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाकल्यावर कुठली वेबसाइट उघडायची हे सांगणारे सर्व्हर, त्यांचेच वापरावे लागतात. वेबसाइटचं काम बघणाऱ्या माणसाला ही अडचण वाटत नाही, पण स्वतःच सगळं करणाऱ्यानं आधी विचारून घ्यावं.

तुमचा कोड का लागत नाही याची कारणं ठरलेली आहेत. बहुतेक कोड नवीन ग्राहकासाठी असतात. तुम्ही त्या कंपनीत पूर्वी कधी खातं उघडून काही घेतलं असेल तर तुम्ही त्यांच्या लेखी जुने. बरेच कोड एका खात्यावर एकाच नावाला चालतात, त्यामुळे डॉट कॉम आणि डॉट इन एकाच कार्टमध्ये टाकलं तर एकालाच सूट मिळते. काही कोड ठरावीक देशाच्या किंवा चलनाच्या खात्यालाच लागतात. प्रीमियम म्हणून राखून ठेवलेल्या नावांना, रिन्युअलला आणि मुदत संपलेलं नाव सोडवायला कोड सहसा चालत नाही. आणि पानावर आधीच ऑफरचा दर दिसत असेल तर त्यावर दुसरा कोड चढत नाही. उलट कधी कधी कोड टाकल्यावर चालू ऑफर निघून जाते, मूळ दरावर सूट बसते आणि बेरीज वाढते. म्हणून कोडशिवायची बेरीज आधी लिहून ठेवा, मग कोड टाकून बघा.

गूगलवर कूपन म्हणून शोधलं की ज्या साइट वर येतात, त्यांवरचे निम्म्याहून जास्त कोड मेलेले असतात असा माझा अनुभव आहे. 'कोड दाखवा' हे बटण दाबलं की मागं रजिस्ट्रारचं पान उघडतं. तुम्ही त्यानंतर काहीही घेतलं तरी त्या साइटला दलाली मिळते. कोड चालला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. यात तुमचं थेट नुकसान नाही, फक्त वेळ जातो. पण कूपन शोधून देतो म्हणणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकू नका. ज्या ब्राउझरमधून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, तिथे शे-दोनशे रुपयांसाठी परक्याला डोकावू द्यायचं कशाला?

खरे कोड मिळतात ते रजिस्ट्रारच्याच घरी. गोडॅडी, नेमचीप, बिगरॉक, होस्टिंगर यांसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर ऑफरचं पान असतं, तिथून सुरुवात करा. १५ ऑगस्ट, दिवाळी, नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे आणि २६ जानेवारी या दिवसांत ऑफर हमखास जास्त असतात. घाई नसेल तर खातं उघडून, नाव कार्टमध्ये ठेवून, पैसे न भरता बाहेर पडा. दोन-तीन दिवसांत सवलतीचा मेल येण्याची बरीच शक्यता असते. मात्र नाव अगदी सोपं आणि कुणीही उचलेल असं असेल तर हा खेळ करू नका. आणि चॅटवर बसलेल्या माणसाला विचारायला लाजू नका. "रिन्युअल जास्त वाटतंय, दुसरीकडे ट्रान्सफर करायचा विचार आहे, काही कोड आहे का?" एवढ्या वाक्यावर सूट मिळालेली मी पुष्कळदा पाहिली आहे. विकत घेताना आपण मंडईत घासाघीस करतो, इथे मात्र पडद्यावरचा आकडा देवाचा शब्द धरून चालतो, ते सोडून द्या.

आता कार्ट. पैसे सगळ्यात जास्त इथे जातात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नाव शोधलं, ९९ दिसले, कार्टमध्ये टाकलं. आता मुदतीचा रकाना बघा. तिथे एकाऐवजी दोन किंवा तीन वर्षं आधीच निवडलेली असतात, आणि काही ठिकाणी ९९चा दर मिळण्यासाठी तीच अट असते. पहिलं वर्ष ९९, दुसरं १,४९९, झाले १,५९८. १८ टक्के जीएसटी २८७ रुपये ६४ पैसे. भरायचे १,८८५ रुपये ६४ पैसे. अजून खाली या. प्रायव्हसीचं संरक्षण, दरवर्षी काही रुपये. युरोपात मे २०१८ मध्ये माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून बऱ्याच रजिस्ट्रारनी मालकाचा पत्ता आणि फोन नंबर सार्वजनिक नोंदीतून झाकायला सुरुवात केली, आणि कित्येक जण ही सोय फुकट देतात. तिचे वेगळे पैसे मागणारा रजिस्ट्रार असेल तर ते पाच वर्षांच्या बेरजेत धरा. डॉट इनला तर प्रायव्हसी सेवा चालतच नाही, तिथे ती कार्टमध्ये दिसली तर काढूनच टाका. त्याखाली एसएसएल. वेबसाइटला कुलुपाचं चिन्ह आणणारं हे सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं आणि चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप बसतं. त्याखाली बिझनेस ईमेलची 'मोफत चाचणी', जी महिन्यानंतर पैसे कापायला लागते. आणि शेवटी वेबसाइट बिल्डर. या सगळ्यांवरची खूण काढा, मुदत एक वर्ष करा, बेरीज बघा, आणि मग कोडच्या चौकटीला हात लावा. हा क्रम उलटा झाला की कोडनं दोनशे वाचवल्याच्या आनंदात दीड हजारांची भर घातलेली लक्षातही येत नाही.

तुमच्याकडे जीएसटी नोंदणी असेल तर पैसे भरण्याआधी खात्यात नंबर टाका. बिलावर नंबर आला तर तुमचा कर सल्लागार पात्रतेप्रमाणे त्याचं क्रेडिट घेऊ शकतो. नंतर बिल बदलून घेणं जिकिरीचं होतं. परदेशी रजिस्ट्रारकडे डॉलरमध्ये पैसे भरले तर कार्डाचा परकीय चलन आकार लागतो, बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के. तोही बेरजेत घ्या.

पहिल्या वर्षानंतर कूपनचा खरा उपयोग ट्रान्सफरला होतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. डॉट कॉम एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेताना जे पैसे लागतात, त्यात एका वर्षाची मुदतवाढ आलेली असते. नवीन रजिस्ट्रारला तुमच्यासारखं गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून ट्रान्सफरवर बऱ्याचदा सवलत असते. म्हणजे जुन्याकडे १,४९९ देऊन रिन्यू करण्याऐवजी नवीनकडे कमी पैशांत ट्रान्सफर केलं तर तेच वर्ष मिळतं आणि आधीची उरलेली मुदतही बुडत नाही. फक्त एकूण मुदत दहा वर्षांच्या पुढे जात नाही.

नियम मात्र पाळावे लागतात. नाव नोंदवल्यापासून किंवा आधीच्या ट्रान्सफरपासून ६० दिवस सहसा हलवता येत नाही. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं तरी बऱ्याच ठिकाणी ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं, म्हणून दोन्ही करायचं असेल तर कोणतं आधी हे रजिस्ट्रारला विचारून घ्या. खात्यात लॉक काढायचं, ऑथ कोड (नाव हलवायला लागणारा गुप्त कोड) घ्यायचा, तो नवीन ठिकाणी टाकायचा, मेलवर मंजुरी द्यायची. आठवडाभर धरा. मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी सुरू करा. मुदत उलटल्यावर जुन्याकडे रिन्यू करून ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं तर पैसे दोनदा जातात आणि वर्ष मात्र एकच वाढतं.

आता मुदत चुकली तर काय होतं ते ऐका, कारण कूपननं वाचवलेलं सगळं इथे एका फटक्यात जातं. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. त्यात नाव परत मिळवायला रिन्युअलशिवाय साधारण ऐंशी डॉलर किंवा त्याहून जास्त दंड पडतो. मग पाच दिवस नावाला कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं होतं. चांगली नावं टिपायला बसलेले लोक असतात, ते काही मिनिटांत उचलतात.

मिरजेतल्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका कुटुंबाचं असं झालं. नाव परदेशी रजिस्ट्रारकडे होतं, ऑटो-रिन्यू चालू होतं, म्हणून ते निर्धास्त होते. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी मंजुरीची नोंद लागते, आणि पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. त्या कंपनीची व्यवस्था यात बसत नव्हती, पैसे कापले गेले नाहीत. सूचनेचे मेल आले ते त्याच डोमेनवरच्या ईमेलला, आणि नाव बंद पडल्यावर तो ईमेलही बंद. तंबोऱ्यासाठी परदेशातून विचारणा करणारे मेल परत जायला लागले, तेव्हा घरात कळलं. नाव दंड भरून सुटलं. म्हणून खात्याला ईमेल द्यायचा तो वेगळा, जीमेलचा असला तरी चालेल, पण त्याच डोमेनवरचा नको. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. नवीन नाव घेतल्यावर पडताळणीचा एक मेल येतो, त्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर साइट बंद पडू शकते, तेही बघा.

तुमच्या धंद्यासाठी एक खास सूचना. फेब्रुवारी ते एप्रिल तुम्ही शेडवर, रॅकवर असणार. त्या दिवसांत कुठला मेल कोण वाचतो? नाव शक्यतो पावसाळ्यात नोंदवा, म्हणजे दरवर्षीचं रिन्युअल निवांत दिवसांत येईल. आत्ताच घ्यायचं असेल तर घ्या, पण तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलवर महिनाभर आधीची लावून ठेवा.

डॉट इनबद्दल थोडं. त्याची नोंदवही आपल्याकडच्या निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) आहे. ही संस्था २००३ची, आणि २००५ पासून डॉट इन कुणालाही घेता येतं. बहुतेक रजिस्ट्रारकडे त्याचं रिन्युअल डॉट कॉमपेक्षा स्वस्त असतं, त्यामुळे तुमच्यासाठी मी ते आधी घेईन. काही ठिकाणी ओळखपत्राची पडताळणी मागतात, ती पूर्ण करा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून छान आहे आणि मला मनापासून आवडतं, पण त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे सुरळीत चालत नाही, म्हणून ते तिसरं नाव म्हणूनच घ्या. पतसंस्थांची मंडळी मला डॉट बँक डॉट इनचं कूपन विचारतात. ते फक्त बँकांसाठी आहे, रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून मिळतं, आणि रिझर्व्ह बँकेनं बँकांना त्यावर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. पतसंस्थेला ते मिळत नाही.

डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड अशी नावं पहिल्या वर्षी चहाच्या पैशांत मिळतात, पण रिन्युअल डॉट कॉमच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असलेलं बघून ठेवा. शिवाय यातल्या स्वस्त शेपटांवरून स्पॅम खूप जातो, त्यामुळे तुमचा साधा कोटेशनचा मेलही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू शकतो. फुकट नावांचा नाद तर करूच नका. फ्रीनॉम डॉट टीकेसारखी नावं फुकट द्यायची. २०२३ मध्ये तिनं नवीन नोंदणी थांबवली आणि पुढे तो धंदाच सोडला. गूगलनं दुकानदारांना दिलेल्या फुकट वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. गणपती पेठेतल्या बऱ्याच दुकानांच्या कार्डांवर ते पत्ते छापलेले होते.

तुमच्या वेबसाइटवाल्यावर मी अविश्वास दाखवणार नाही. पाच हजारांत डोमेन, होस्टिंग, ईमेल आणि वर्षभर फोन उचलणं येत असेल तर तो दर वावगा नाही. आपल्या जिल्ह्यातली मुलं मेहनतीनं हे काम करतात, त्यांना त्यांचे पैसे मिळायलाच हवेत. पण बिल फोडून मागा: डोमेनचे किती, होस्टिंगचे किती, देखभालीचे किती. आणि डोमेन तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यात घ्या. त्याला कामापुरता प्रवेश द्या, जवळपास सगळ्या रजिस्ट्रारकडे तशी सोय असते. नाव त्याच्या खात्यात असेल आणि उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, तर ऑथ कोडसाठी तुम्ही त्याच्या मागं फिरत बसाल, आणि तेव्हा कुठलंही कूपन कामाला येणार नाही.

तर तुमच्यापुरतं असं करा. डॉट नेट, डॉट ऑर्ग सुचवलं जाईल, ते सोडा. डॉट इन आणि डॉट कॉम पुरे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग फोनवर सांगितल्यावर समोरच्याला एका दमात लिहिता येतं का, हे दोन-तीन गिऱ्हाइकांना विचारून बघा, कारण नोंदवल्यावर स्पेलिंग बदलता येत नाही, नवीन नावच घ्यावं लागतं. दोन्ही नावांसाठी दोन-तीन रजिस्ट्रारची पाच वर्षांची बेरीज काढा. डॉट इन एक वर्षाचं, नवीन ग्राहकाच्या कोडवर घ्या. डॉट कॉम जिथे रिन्युअल कमी आहे तिथे घ्या, कोड लागला तर उत्तम, नाही लागला तरी हरकत नाही. दुसऱ्या वर्षी दीड महिना आधी चॅटवर रिन्युअलचा कोड मागा. नाही म्हणाले तर ट्रान्सफरचा दर बघा. एखाद्या ठिकाणी रिन्युअलचाच दर ऑफरमध्ये उतरलेला दिसला, तर त्या दिवशी तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. दोन्ही नावांची बेरीज काढलीत की आकडे मला पाठवा, कुठे बारीक अक्षरात काही राहिलं असेल तर बघून सांगतो.